ऑइल प्रेशर कमी दाखवतंय? जुन्या इंजिनात आधी मोजा, मग पाना लावा

ऑइलचा लाल दिवा फार उशिरा बोलतो. बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच ०.३ ते ०.५ बारच्या आसपास लागतो, म्हणजे जेमतेम ४ ते ७ पीएसआय (बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची मापं). गरम इंजिन ३००० आरपीएमला फिरत असताना साधारण २ ते ३ बार प्रेशर हवं असतं. म्हणून गाडी वेगात असताना दिवा पेटला तर पुढच्या वळणावर बघू असं म्हणू नका. क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेक बूस्टर असेल तर इंजिन बंद झाल्यावर दोन्ही जड होतात, तेवढं ध्यानात ठेवून. बेअरिंग कोरडी पडल्यावर क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) खराब व्हायला मिनिटभरही पुरतं.

पण जुन्या गाडीत जास्त वेळा दिसतो तो दुसरा प्रकार. गाडी चांगली तापली आहे, स्लोवर (आयडलिंगला) उभी आहे, दिवा लुकलुकतो आणि थोडी रेस दिली की विझतो. इथे घाई नको, डोकं लावायचं. ‘पंप गेला’ म्हणून लगेच पंप बदलणारे खूप आहेत, आणि नवा पंप बसवूनही दिवा तसाच लुकलुकताना बघणारेही तेवढेच.

प्रेशर येतं कुठून

पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बाहेर पडायला जागा अरुंद असेल तर दाब तयार होतो. ही अरुंद जागा म्हणजे मेन बेअरिंग (क्रँकला आधार देणारी), बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणारी), कॅमची बेअरिंग आणि रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा दांडा) यांच्यातली बारीक फट. ५० मिमी व्यासाच्या जर्नलला (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ही फट साधारण ०.०५ मिमी असते. ती वाढली की तेल तिथून सुटतं, आणि सुटण्याचं प्रमाण फटीच्या घनाइतकं वाढतं. फट दुप्पट म्हणजे ०.१० मिमी झाली, तर त्याच दाबाला त्याच तेलाची गळती आठपट. पंप तोच, तेल तेच, पण प्रेशर धरायला काही उरत नाही. गरम तेल पातळ होतं, स्लोला पंप हळू फिरतो, म्हणून झीज सगळ्यात आधी गरम स्लोला उघडी पडते.

या एका गोष्टीवर पुढचं सगळं निदान उभं आहे.

दहा मिनिटांची कामं आधी

गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक बघा. फक्त पातळी बघून काडी परत घालू नका. तेल बोटांत चोळा, वास घ्या. पेट्रोलचा वास येतोय आणि न भरताच पातळी वर चढलीय? मग मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटलाय किंवा कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतोय. पेट्रोल मिसळून पातळ झालेलं तेल कितीही चांगल्या बेअरिंगमध्ये प्रेशर धरत नाही. आधी ती गळती बंद करा, मग तेल बदला. उलट क्रमाने केलंत तर नवं तेलही वाया जाईल. तेल कॉफीसारखं दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ते आधी हेड गॅस्केटचं प्रकरण आहे, आणि त्या तेलावर गाडी अजिबात चालवू नका.

पातळी कमी असेल तर वळणावर किंवा जोरात ब्रेक मारताना दिवा चमकतो, कारण तेल एका बाजूला जातं आणि पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी उघडी पडते. पातळी जास्त असेल तर क्रँक तेलात आपटून फेस करते, आणि फेसाला दाब धरता येत नाही. म्हणून ‘थोडं जास्तच असू दे’ हा उपकार इंजिनाला नको.

तेलाचा ग्रेड कोणता आहे ते नक्की माहीत करून घ्या. १०० अंशांना ३० ग्रेडच्या तेलाचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९ असतो. २०डब्ल्यू-५० साठी बनलेल्या इंजिनात कुणीतरी १०डब्ल्यू-३० ओतलं असेल तर दिवा लुकलुकणं हा दोष इंजिनाचा नाही.

आयडलिंगही बघा. ८०० वर हवं ते ५५० वर आणून ठेवलं असेल तर पंप बिचारा काय करणार.

आता स्विच. बहुतेक ठिकाणी एकच वायर असते, स्विचची बॉडी इंजिनातून अर्थ (अर्थिंग) घेते आणि प्रेशर नसलं की आतला संपर्क जुळतो. इग्निशन चालू, इंजिन बंद ठेवून वायर काढा. दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही पेटलेलाच राहिला तर ती वाटेत कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झालीय. वायर ठीक असेल तर स्विचवर शंका घ्या. जुन्या स्विचच्या तोंडाशी तेल पाझरलेलं दिसलं, तर त्याचा पडदा गेलाय आणि तो काय सांगतो त्याला अर्थ नाही. नवा बसवताना थ्रेडवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर देऊ नका, अर्थ तुटतो.

खरं मीटर लावा

डॅशबोर्डवरचा काटा आणि दिवा यांच्या जिवावर इंजिन उघडायचं नाही. स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल प्रेशर गेज लावा, ० ते ७ बार म्हणजे ० ते १०० पीएसआयचा पुरे. थ्रेड तपासून अॅडॉप्टर घ्या. जपानी इंजिनांत बहुधा १/८ पीटी, अमेरिकन १/८ एनपीटी, जर्मन गाड्यांत अनेकदा एम१०x१. हे एकमेकांत दोन-तीन आटे खुशाल जातात आणि मग अॅल्युमिनियमचं भोक खातात, म्हणून हाताने सहज न गेल्यास पान्याने रेटू नका. पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि पंख्यापासून लांब बांधा. बारीक प्लास्टिकची नळी टाळा. ती फुटली तर गरम तेल थेट मॅनिफोल्डवर.

चार रीडिंग घ्या: थंड इंजिन स्लोला, गरम इंजिन स्लोला, गरम २००० ला आणि गरम ३००० ला. पाण्याचा काटा जागेवर आला म्हणजे तेल तापलं असं नाही. तेलाला आणखी दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवून आणा. आकडे, तेलाचा ग्रेड आणि तारीख कागदावर लिहून ठेवा. पुढे काम झाल्यावर तुलना याच कागदाशी करायची आहे.

तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा शेवटचा शब्द. तो हाती नसेल तर जुना हिशोब असा: गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. स्लोला १० ते १५ पीएसआय मिळत असेल तर जुन्या इंजिनासाठी रडायचं कारण नाही.

आकडे वाचायची रीत अशी. थंडला ४ बार, गरम स्लोला ०.५ आणि ३००० ला २.५ असा उतार दिसला तर बेअरिंगची झीज किंवा पातळ तेल. थंड असो वा गरम, कितीही रेस द्या, काटा दीड-दोनच्या वर जातच नाही, तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप) उघडा अडकलाय, पंप झिजलाय किंवा जाळी तुंबलीय. वेगात आधी ३ दाखवून स्थिर वेगावर हळूहळू घसरत असेल तर पंपाला तेल पोचत नाही: जाळी तुंबलेली किंवा वर हेडमध्ये गेलेलं तेल खाली यायची वाट बंद. काटा थरथरत असेल तर तेलात हवा. आणि चारही आकडे ठीक असताना दिवा पेटत असेल तर स्विच बदला आणि गाडी चालवा.

आवाजही ऐका. वरून हलकं टकटक येत असेल तर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग). २००० ते २५०० च्या दरम्यान, रेस सोडताना स्पष्ट ठोका येत असेल आणि एका सिलिंडरची प्लग वायर काढल्यावर तो कमी होत असेल, तर त्या सिलिंडरचं बिग एंड. लोड असताना खोल, जड धडधड म्हणजे मेन बेअरिंग. ठोका सुरू झाला असेल तर पुढचे सोपे उपाय वगळा आणि गाडी चालवणं थांबवा.

तेल आणि फिल्टर उतरवताना

तेल गरम असताना काढा आणि स्वच्छ ट्रेमध्ये घ्या. जुना फिल्टर फेकू नका, पत्रा कापायच्या कटरने त्याचं डोकं उघडा. हॅक्सॉ वापरलात तर करवतीचाच कीस आत पडेल आणि तुम्ही त्यालाच बेअरिंग समजून बसाल. आतला कागद बाहेर काढून घड्या उलगडा, तेल पिळून टाका आणि उन्हात धरा. लोहचुंबकाला चिकटणारे कण कॅम, टॅपेट, टायमिंग चेन यांच्याकडचे. न चिकटणारी, मऊ, चंदेरी चकाकी बेअरिंगच्या वरच्या थराची किंवा पिस्टनची असते. तांबूस-सोनेरी चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडलाय. तेव्हा तेलाचा ग्रेड बदलून काही होणार नाही.

नवा फिल्टर लावताना जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली की सगळं तेल मिनिटांत बाहेर. रबराला तेल लावा, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या. सकाळी सेल्फ मारल्यावर दिवा विझायला चार-पाच सेकंद लागत असतील तर फिल्टरमधला तेल अडवणारा रबरी पडदा नीट नाही, असा फिल्टर बदला.

इंजिन फ्लशबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वर्षानुवर्षं गाळ साचलेल्या जुन्या इंजिनात ते घालू नये. सुटलेला गाळ थेट जाळीवर जाऊन बसतो. गाळ काढायचाच असेल तर चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उतरवून काढा.

चेंबर उतरवल्यावर

गाडी घोडीवर (स्टँडवर) घ्या, चाकांना अडण लावा, नुसत्या जॅकवर खाली शिरू नका. काही गाड्यांत क्रॉस मेंबर आड येतो आणि इंजिन थोडं उचलावं लागतं. त्यासाठी जॅक चेंबरच्या पत्र्याखाली लावाल तर तो चेपेल आणि जाळीला तेलच मिळणार नाही. अशी जुनी चेप असेल तर तेच दुखणं असू शकतं. जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिमी अंतर हवं.

जाळी हातात घेऊन उजेडासमोर धरा. बऱ्याचदा भोकांत काळ्या गाळाबरोबर सिलिकॉनचे रबरी तुकडे अडकलेले दिसतात, शेवयांसारखे. मागच्या वेळी कुणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने लावलेलं असतं. आतल्या बाजूला आलेला भाग सुटतो आणि इथे येऊन बसतो. जाळी डिझेलमध्ये भिजवून ब्रशने धुवा, उलट्या बाजूने हवा मारा. बंद डब्यासारखी असून आतलं दिसत नसेल तर नवी घ्या.

जाळीचा पाइप जिथे पंपाला जोडतो तिथली ओ-रिंग विसरू नका. ती नखाने दाबली तर दबली पाहिजे. प्लास्टिकसारखी कडक झाली असेल तर पंप तेलाऐवजी तिथून हवा ओढतो. थरथरणाऱ्या काट्यामागे ही एवढीशी गोष्ट असते. नवी रिंग तेल लावून बसवा, ताणून किंवा पिळून नाही.

मग रिलीफ व्हॉल्व्ह. स्प्रिंग आणि पिस्टन बाहेर काढा. पिस्टन स्वतःच्या वजनाने भोकात सरकला पाहिजे. चरे किंवा अडकलेला कण असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरला तेल लावून घासा, पण कडा गोल होऊ देऊ नका. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून बघा.

इथे एक प्रसिद्ध जुगाड आहे: स्प्रिंगखाली वॉशर टाकायचा. काटा वर जातो, मालक खूश. पण हा व्हॉल्व्ह साधारण ४ ते ५ बारला उघडतो. स्लोला तो बंदच असतो, त्यामुळे वॉशरने स्लोचं प्रेशर कणभरही वाढत नाही. वाढतं ते फक्त वरच्या टोकाचं, जिथे कमतरता नव्हतीच, आणि थंड सकाळी फिल्टरवर नको तेवढा ताण येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पंप उघडून गिअर किंवा रोटरवर सरळपट्टी ठेवा आणि फीलर गेजने वरची फट मोजा. बहुतेक पंपांत ०.०३ ते ०.१० मिमी चालते, ०.१५ च्या वर गेली तर पंप थकला. रोटरच्या दोन टोकांमधली फट ०.२० पर्यंत ठीक. झाकणावर गोल चरे असतील तर जाड सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून, तेल टाकून, आठाच्या आकारात घासून सपाट करता येतं. बॉडीच झिजली असेल तर वेळ घालवू नका, नवा पंप घ्या.

बेअरिंगची फट

इतकं सगळं ठीक निघालं आणि गरम स्लोचा आकडा पडलेलाच होता, तर बेअरिंग. चेंबर उघडाच आहे, तेव्हा मोजून घ्या. बेअरिंगची कॅप (खालचं अर्धं झाकण) काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर आणि दिशा पंचने ठोका. एका वेळी एकच कॅप काढा.

प्लास्टिगेज म्हणजे मेणासारखा बारीक धागा. हिरवा ०.०२५ ते ०.०७६ मिमीसाठी, लाल ०.०५१ ते ०.१५२ साठी. शेल (बेअरिंगचे अर्धगोल पत्रे) आणि जर्नल पूर्ण कोरडे पुसा. जर्नलच्या रुंदीइतका तुकडा तेलाच्या भोकापासून थोडा बाजूला, आडवा ठेवा. कॅप बसवून पूर्ण टॉर्क द्या. आता क्रँक केसभरही फिरवायची नाही, फिरली तर धागा पुसला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. कॅप काढा, चपटा झालेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी जुळवा. जितका रुंद, तितकी फट कमी. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद दिसला तर जर्नल निमुळता झिजलाय.

मेन बेअरिंग गाडीतच मोजत असाल तर क्रँकचं वजन खालच्या कॅपवर येतं आणि वरची फट मोजलीच जात नाही. शेजारच्या काउंटरवेटखाली जॅक लावून क्रँक हलकी वर टेकवा, मग मोजा.

०.०८ मिमीच्या पुढे गेलं तर शेल बदलायची वेळ. पण आधी जर्नलवर नख फिरवा. नख अडकलं, किंवा मायक्रोमीटरवर ०.०३ मिमीपेक्षा जास्त लंबगोल आला, तर नवे शेल टाकूनही ते टिकणार नाहीत. क्रँक उतरवून ग्राइंड करावी लागेल आणि ०.२५ किंवा ०.५० अंडरसाइज शेल लागतील. जर्नल गुळगुळीत असेल तर स्टँडर्ड शेलचा नवा सेट गाडीतच बसतो. शेलच्या मागे आणि कॅपमध्ये तेल किंवा धूळ नको, आतल्या बाजूला भरपूर तेल हवं. ताणून बसणारे बोल्ट असतील तर नवेच.

पुशरॉडच्या इंजिनात वरही एक नजर टाका. झिजलेल्या रॉकर शाफ्टमधून तेल भडाभडा सुटतं. तळाला सगळा खर्च करून झाल्यावर ही गळती सापडणं फार जिवावर येतं.

उघडायचंच नसेल तर

जर्नल झिजलाय, इंजिन आणखी थोडेच दिवस चालवायचंय, ठोका नाही. अशा वेळी एक ग्रेड जाड तेल, १५डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५०, आणि आयडलिंग ५०-१०० आरपीएमने वर, एवढं करण्यात काही पाप नाही. फट तेवढीच राहते आणि वाढत राहते, फक्त आकडा सावरतो. हायड्रॉलिक टॅपेट किंवा बदलत्या व्हॉल्व्ह टायमिंगच्या इंजिनात हे करू नका, तिथे जाड तेल वेळेवर पोचत नाही. घट्ट करणारी बाटलीबंद औषधं हा त्याच उपायाचा महागडा भाऊ.

परत सुरू करताना

कोरडा पंप तेल ओढत नाही. बसवण्याआधी गिअरमध्ये व्हॅसलिन भरा. चॅसिसचं ग्रीस नको, ते विरघळत नाही आणि वाटा बुजवतं. चेंबरच्या पत्र्याची कड बोल्टजवळ फुगली असेल तर हातोडीने सपाट करा. सिलिकॉनची रेघ ३ मिमीपेक्षा जाड नको. एम६ बोल्ट मधून बाहेर, तिरपे-तिरपे, ८ ते १० न्यूटन मीटर.

तेल आणि फिल्टर भरून स्पार्क प्लग काढा, इग्निशन तोडा आणि गेजवर काटा उठेपर्यंत सेल्फ मारा, दहा-दहा सेकंदांच्या टप्प्यांत, मध्ये बॅटरीला दम देत. काटा उठला की प्लग लावून इंजिन सुरू करा. तरीही स्टार्टनंतर पाच सेकंदांत प्रेशर आलं नाही तर लगेच बंद करा. पंपात हवा आहे किंवा ओ-रिंग बसली नाही.

गरम झाल्यावर तीच चार रीडिंग पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. ५०० ते ८०० किलोमीटरला तेल-फिल्टर बदलून फिल्टर परत कापून बघा. आणि जमलं तर मेकॅनिकल गेज कायमचा ठेवा, टी-जोड टाकून त्याच भोकात दिव्याचा स्विचही बसतो.